खुर्द वॅट, बुद्रुक हिशेब

एकाच नावाची दोन गावं असली की थोरल्याला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. दोन्ही शब्द फारसीतून आले आणि सातबाऱ्यावर इतके मुरले की आता ते कुणाला परके वाटत नाहीत. शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक हे त्यातलं थोरलं. वढू खुर्द हवेलीत. उभ्या महाराष्ट्राला वढू बुद्रुक ठाऊक आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. फाल्गुन अमावास्येला इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी हे पुण्यापासून तीसेक किलोमीटरवरचं, भीमेच्या पाण्यावर ऊस पिकवणारं आणि एका अंगाला सणसवाडी-कोरेगावच्या कारखान्यांची वर्दळ असलेलं गाव आहे. अशा गावात विजेचे दोन्ही संसार शेजारी शेजारी चालतात, एक घरातला आणि एक शेतातला. म्हणूनच विजेच्या एका खुर्द प्रश्नाचा विचार इथे उभं राहून करावासा वाटतो.

प्रश्न असा. रात्री अकराला घर झोपतं. दिवे मालवले, टीव्ही रिमोटने बंद केला, मोबाईल चार्जिंगवरून काढला. तरी मीटरवरचा बारका लाल दिवा लुकलुकत राहतो. कोण जागं आहे घरात?

जागी असतात ती आपण बंद केली असं समजतो ती यंत्रं. टीव्हीच्या कोपऱ्यातला लाल ठिपका, सेट टॉप बॉक्सवरचे आकडे, वायफायच्या खोक्यावरचे हिरवे दिवे, मायक्रोवेव्हचं घड्याळ, भारनियमनाच्या काळात घेतलेला आणि अजून कोपऱ्यात घुमणारा इन्व्हर्टर. यातलं कुणीही काम करत नसतं. सगळी जण आपल्या हुकमाची वाट बघत असतात. इंग्रजीत याला स्टँडबाय म्हणतात. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे, तिष्ठणं. दारात ताटकळत उभ्या राहिलेल्या माणसासारखी ही यंत्रं रात्रभर तिष्ठतात आणि त्यांच्या तिष्ठण्याचं बिल आपण भरतो. म्हणून या लेखापुरतं या विजेला तिष्ठती वीज म्हणू.

ती मोजायला कुठलंही उपकरण विकत आणावं लागत नाही. मीटरवर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. पुष्कळ घरगुती मीटरवर तो ३२०० असतो. रात्री झोपण्यापूर्वी दिवे-पंखे बंद करायचे, फ्रीज पाच मिनिटं बंद ठेवायचा, बाकी सगळं रोजच्यासारखं राहू द्यायचं आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे. ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की उत्तर वॅटमध्ये येतं. मिनिटाला एकदा दिवा लुकलुकला तर घर झोपेतही सुमारे १९ वॅट खातंय. मीटरवर १६०० छापलं असेल तर भागायचा आकडा दुप्पट, म्हणजे २२५०. सातवीतल्या पोराला जमेल असं हे गणित आहे आणि ते त्याच्याकडूनच करून घ्यावं. बापापेक्षा तो नेटाने मोजेल.

आता हिशेब. वर्षाचे तास ८७६०. म्हणजे एक वॅट वर्षभर अखंड जळला तर पावणेनऊ युनिट होतात. १९ वॅटचे झाले सुमारे १६६, महिन्याला जवळजवळ चौदा युनिट. ‘चौदा युनिटांनी काय होतंय?’ असं कुणी म्हणेल, पण महावितरणच्या दरांची पायरी ध्यानात घ्यायला हवी. पहिल्या शंभर युनिटांचा दर एक आणि त्यापुढच्यांचा जवळजवळ दुप्पट. महिन्याला सव्वाशे युनिट लागणाऱ्या घराने दहा-बारा वाचवले तर ते वाचतात वरच्या, महागड्या पायरीवरचे. बचतीचं युनिट नेहमी बिलातलं सर्वांत महाग युनिट असतं.

घराचा उंबरा ओलांडून राज्याकडे पाहिलं की हाच खुर्द आकडा बुद्रुक होतो. महावितरणचे घरगुती ग्राहक दोन कोटींहून अधिक आहेत. प्रत्येक घरात १९ सोडा, दहाच वॅट तिष्ठत असतील असं धरलं तरी ते २०० मेगावॅट होतात. नाशिकजवळच्या एकलहरे केंद्रातला एक संच २१० मेगावॅटचा आहे. म्हणजे असा एक संच रात्रंदिवस, सणवार न पाळता, कोळसा जाळतोय आणि त्यातून एकही बल्ब पेटत नाही, एकही पंखा फिरत नाही, उसाच्या एका सरीला पाणी मिळत नाही. वाहिन्यांतली गळती यात धरलेली नाही. औष्णिक केंद्रात एका युनिटामागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, तो गुणाकार ज्याचा त्याने करावा.

जगाला या गोष्टीची जाग आली ती १९९०च्या दशकात. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतले संशोधक ॲलन मायर यांनी घरोघरच्या तिष्ठत्या विजेची मोजदाद केली आणि साधी सूचना मांडली: कुठल्याही यंत्राने तिष्ठताना एका वॅटपेक्षा जास्त खाऊ नये. विकसित देशांतल्या घरगुती विजेपैकी पाच ते दहा टक्के वीज अशी जाते, असे अंदाज पुढे आले. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ही एक वॅटची कल्पना उचलली. २००१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारी खरेदीसाठी तसा आदेश काढला. २०१० मध्ये युरोपीय संघाने एक-दोन वॅटची मर्यादा कायद्याने घातली आणि २०१३ पासून ती निम्म्यावर आणली. दक्षिण कोरियानेही २०१० मध्ये एक वॅटचं बंधन घातलं. कारखानदारांनी सुरुवातीला कुरकुर केली आणि मग मुकाट्याने यंत्रं सुधारली. आज नवा चांगला टीव्ही तिष्ठताना अर्ध्या वॅटच्या आसपास खातो, तो या कायद्यांच्या पुण्याईवर.

याच काळात बाजारात दुसरा एक उपाय आला, तो म्हणजे शहाणी पट्टी, ज्याला स्मार्ट पॉवर स्ट्रिप म्हणतात. दिसायला आपल्या एक्स्टेन्शन बोर्डासारखीच. तिच्यातल्या एका खाचेत टीव्ही लावायचा आणि बाकीच्यांत त्याचं गणगोत: सेट टॉप बॉक्स, स्पीकर, गेम खेळायचं खोकं. टीव्हीने घेतलेला करंट घसरला की पट्टी ओळखते, मालक झोपला. आणि बाकीच्यांचा पुरवठा तोडते. काही पट्ट्यांत वेळ लावून ठेवता येते, काहींना खोलीत माणसाची हालचाल कळते, काही मोबाईलवरून चालतात. आपल्याकडेही ही पट्टी आणि तिचं धाकटं भावंड, स्मार्ट प्लग, आता घरपोच मिळतात.

हा उपाय आपल्या घरात कितपत लागू पडतो, ते नीट तपासायला हवं, कारण तो ज्या भिंतीसाठी जन्मला ती भिंत आपली नाही. अमेरिकेतल्या घरात पिन खोचायच्या जागेला सहसा बटणच नसतं. पिन खोचली की वीज सुरू, उपसली की बंद. तिथे दहा पिना रोज उपसायच्या कुणी, म्हणून हुशार पट्टी लागली. आपल्या बोर्डावर मात्र प्रत्येक खाचेशेजारी तिचं बटण असतं. इंग्रजांच्या वायरिंगची ही देणगी आपण इतकी गृहीत धरली आहे की तिचं मोल कळत नाही. जे अमेरिकन माणूस पैसे मोजून विकत घेतो ते आपल्या वायरमनने घर बांधतानाच भिंतीत बसवून दिलेलं आहे.

शिवाय हुशार यंत्रं स्वतःही जेवतात. वायफायवर चालणारा स्मार्ट प्लग आपला हुकूम ऐकण्यासाठी कान टवकारून बसलेला असतो, त्यालाच अर्धा ते एक वॅट लागतो. त्याच्यामागे अर्धा वॅट खाणारा नवा टीव्ही तेवढा लावला तर चोरापेक्षा राखणदाराचा पगार जास्त! तोच प्लग जुन्या सेट टॉप बॉक्सला लावला तर गणित पालटतं. खोका तिष्ठताना दहा वॅट खातोय आणि दिवसातले अठरा तास कुणी टीव्ही बघत नाही असं धरलं, तर वर्षाला पासष्ट युनिट वाचतात, त्यातले थोडे प्लग स्वतः खातो. प्लगची किंमत दोन-तीन वर्षांत वसूल होते. म्हणजे वस्तू वाईट नाही. ती कुठे लावायची हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि भिंतीवरचं बटण दाबलं तर तेच पासष्ट युनिट फुकट वाचतात.

मग आपण बटण का दाबत नाही? आळस, हे उत्तर तोंडावर येतं आणि ते अपुरं आहे. टीव्हीमागचं बटण टीव्हीच्याच मागे असतं. शोकेसमध्ये टीव्ही, त्याच्यामागे बोर्ड, बोर्डावर वायरींचं जाळं, वर फुलदाणी आणि पोराच्या ढाली. रोज रात्री तिथे हात कोण घालणार? दुसरं कारण भारनियमनाचं. २००५ नंतरच्या काही वर्षांत गावाकडे दिवसाचे बारा-बारा तास लाईट नसायची. २००६ मध्ये पुणे शहराने उद्योगांच्या स्वतःच्या वीजनिर्मितीची मदत घेऊन भारनियमनातून सुटका करून घेतली. तासाभराच्या अंतरावरची गावं मात्र अंधारातच राहिली. तेव्हा लाईट आलेली कळावी म्हणून लोक सगळी बटणं चालूच ठेवत. पंखा फिरला की ‘आली, आली!’ अशी ओरड व्हायची. ती टंचाई गेली, पण तिने लावलेली सवय बोटांत उरली. तिसरं कारण सेट टॉप बॉक्सचं. बंद करून चालू केला की त्याला जागं व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मालिकेचा पहिला प्रसंग हुकतो.

ही तिन्ही कारणं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. हात आणि बटण यांच्यामध्ये अंतर पडलंय. ते अंतर जेवढं वाढेल तेवढी वीज तिष्ठेल. माझं म्हणणं एवढंच आहे की उपाय निवडताना आधी हे अंतर मोजावं. ते काही हातांचं असेल तर बटण जवळ आणावं, काही शेतांचं असेल तर यंत्राची मदत घ्यावी, आणि बटण जर बंद डब्याच्या आत असेल तर कायद्याचा हात लागतो. सगळीकडे एकच हुशार पट्टी चिकटवून भागत नाही.

शेतांचं अंतर कसं असतं ते भीमेच्या काठच्या माणसाला सांगायची गरज नाही. शेतीची थ्री फेज लाईट ठरल्या वेळीच येते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्री दीडला लाईट आली तर मोटर चालू करायला उठून विहिरीवर किंवा नदीवर जायचं. वाट उसातून, आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यातल्या उसात बिबट्याचं बस्तान आहे. म्हणून शेतकऱ्याने ऑटोस्विच बसवला. लाईट आली की मोटर आपोआप चालू. शहरातल्या टीव्हीसारखीच ही मोटरही तिष्ठत ठेवलेली. याला कुणी आळशीपणा म्हणू नये. जिवाच्या भीतीने केलेली सोय आहे ती.

पण या सोयीचं बिल कोण भरतं ते बघा. एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पंधरा-वीस मोटरी असतात. सुरू होताना इंडक्शन मोटर तिच्या नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाईट आली त्या क्षणी वीसच्या वीस ऑटोस्विच एकदम मोटरी ओढतात, डीपीवर भार कोसळतो, व्होल्टेज बसतं आणि एखाद्या रात्री ट्रान्सफॉर्मर जळतो. मग पीक ऐन पाण्यावर असताना आठ-दहा दिवस सगळ्यांचीच मोटर बंद. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण वर्षानुवर्षं करत आलं आहे. ते फारसं कानी जात नाही, कारण एकट्याने काढून उपयोग नसतो. बाकीचे एकोणीस तसेच राहिले तर डीपी जळायची ती जळतेच, वर आपलं पाणीही हुकतं. आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. बिलाची टोचणीच नाही तिथे बचतीचा उपदेश कुठून शिरणार?

तरी याच महाराष्ट्राने याच गावांतून एक वेगळा धडा घेतला होता. भारनियमनाच्या त्या वर्षांत महावितरणने अक्षय प्रकाश योजना आणली. तिचा सौदा सरळ होता. गावाने मिळून ठरवायचं की संध्याकाळच्या जास्त मागणीच्या वेळी मोटरी चालवायच्या नाहीत, सिंगल फेजवर जुगाड करून पंप ओढायचे नाहीत, तारेवर आकडे टाकायचे नाहीत, शेगडी-हीटर लावायचे नाहीत. त्या बदल्यात घरातले दिवे, पंखे आणि टीव्ही यांच्यासाठी लाईट अखंड मिळेल. त्यात कुठलं नवं यंत्र नव्हतं. शेजाऱ्याने बटण बंद ठेवलं आहे याची खात्री होती आणि त्याचं फळ सगळ्यांना त्याच संध्याकाळी दिसत होतं. जी बचत एकट्याला परवडत नाही ती गावाला परवडते, हे त्या योजनेने दाखवून दिलं.

आणि अंतर खरोखर लांबचं असेल तर हुशार यंत्र काय करू शकतं, तेही इथेच दिसतं. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण बनवलं. मोबाईलवरून शेतातली मोटर चालू किंवा बंद करता येते, तिथे लाईट आहे की नाही तेही कळतं. आता असे अनेक मोबाईल स्टार्टर बाजारात आहेत. ऑटोस्विच आणि मोबाईल स्टार्टर यांत दिसायला फरक थोडा, पण तत्त्वाचा मोठा आहे. ऑटोस्विच माणसाला बाजूला सारून स्वतःच निर्णय घेतो, लाईट आली की पाण्याची गरज असो-नसो मोटर ओढतो. मोबाईल स्टार्टर निर्णय माणसाच्या हाती ठेवतो आणि फक्त त्याचा हात लांब करतो. शेतकरी अंथरुणातून मोटर लावतो आणि पाणी झालं की बंदही करतो. बिबट्याच्या वाटेवरचं अंतर कापायला हजार-दोन हजारांचं यंत्र घेणं हा शहाणपणा आहे. पलंगापासून टीव्हीपर्यंतचं अंतर कापायला तेवढंच यंत्र घेणं ही हौस आहे. हौसेला ना नाही, पण तिला पर्यावरणाची सेवा म्हणू नये.

घरातल्या चार हातांच्या अंतरावर साधा उपाय पुरतो. टीव्ही, बॉक्स, स्पीकर यांच्या तिन्ही पिना बटणवाल्या एकाच चांगल्या बोर्डावर घ्यायच्या आणि तो बोर्ड शोकेसमागून काढून बसल्या जागी हात पोचेल असा कडेला लावायचा. नवं घर बांधणाऱ्याने तर वायरमनला आधीच सांगावं की टीव्हीच्या खाचांचं बटण दाराशेजारी, दिव्याच्या बटणालगत दे. एका जादा वायरीचा खर्च, आणि आयुष्यभर झोपताना दिव्याबरोबर टीव्हीचा कोपराही विझतो. सणसवाडी-कोरेगावच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगाराला भिंत फोडता येत नाही. त्याला बोर्डच घ्यावा लागतो. पण तो रस्त्याकडेचा पातळ वायरीचा स्वस्त बोर्ड नसावा. आयएसआय खूण बघावी आणि त्यावर इस्त्री, गिझर, शेगडी कधीच लावू नये. दहा वॅट वाचवायला जाऊन घराला आग लावून घेणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

याच सवयीचा दुसरा फायदा आपल्या आज्यांना पाठ होता. वळवाचं आभाळ भरून आलं, लांबवर कडकडाट झाला की हाक यायची, ‘अरे, टीव्हीची पिन काढ!’ वीज पडली तर बटण बंद असूनही झटका वायरीतून आत शिरू शकतो, म्हणून पिनच काढायची, हे शास्त्र त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. तीच हाक रोज रात्री बटणापुरती दिली तरी पुरे.

सगळं बंद करायला मात्र जाऊ नये. फ्रीजला हात लावू नये. वायफायवर घराचा कॅमेरा असेल तर तो चालू राहू द्यावा. प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करून मग भिंतीवरचं बंद करावं. मोबाईलच्या चांगल्या चार्जरबद्दल तर उगाच फार बोललं जातं. मोबाईल काढल्यावर तो अर्ध्या वॅटहूनही कमी खातो. खरे खादाड शोधावेत: जुना सेट टॉप बॉक्स, जुना होम थिएटर, दिवसभर रिमोटच्या भरवशावर ठेवलेला एसी, आणि भारनियमन संपूनही घुमणारा इन्व्हर्टर.

आता तिसरं अंतर. सेट टॉप बॉक्सवरचं बटण दाबलं की आकडे मंद होतात आणि आपल्याला वाटतं तो झोपला. पुष्कळ जुने खोके तेव्हाही, चालू असताना जेवढी खातात, जवळजवळ तेवढीच वीज खातात. हे अंतर आपल्या हाताने कापता येत नाही, कारण बटण डब्याच्या आत, कारखानदाराच्या टेबलावर राहिलं आहे. आणि हा डबा आपण हौसेने आणलेला नाही. केबलच्या डिजिटलीकरणाची सक्ती २०१२ मध्ये मुंबईपासून सुरू झाली, २०१३ मध्ये पुण्यासारख्या शहरांत आली आणि २०१७ पर्यंत खेड्यांत पोचली. कायद्याने घरोघरी एक खोका बसवला. चित्र किती स्वच्छ दिसेल, वाहिन्या किती मिळतील, पॅकेज केवढ्याचं, यावर तेव्हा भरपूर चर्चा झाली. खोका रात्री किती वॅट खाईल हा प्रश्न त्या गदारोळात कानावर आला नाही. आज तोच खोका टीव्हीच्या कोपऱ्यातला सर्वांत मोठा खाणारा आहे.

इथे ग्राहकाला ‘पिन काढा’ सांगणं म्हणजे गळक्या टाकीखाली बादली ठेवण्यासारखं आहे. टाकी ज्याने बनवली त्याला आधी विचारायला हवं. असं विचारलं की काय होतं याची उदाहरणं आपल्याच देशात आहेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००२ मध्ये स्थापन झाला आणि २००६ पासून फ्रीज-एसीवर तारे दिसू लागले. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू करताना तो आपोआप २४ अंशांवर असावा असा नियम आला. कुणालाही १८ वर न्यायला बंदी नाही, पण जो हात लावत नाही त्याची वीज वाचते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत सरकारी कंपनीने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी केली, किमती कोसळल्या आणि ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघरी गेले. व्याख्यानं देऊन एवढे बल्ब बदलले नसते. तोच मार्ग खोक्यांना का लावू नये? केबल आणि डीटीएच कंपन्या खोके लाखांनी विकत घेतात. रात्री एक वॅटपेक्षा जास्त खाणारा खोका नव्या ग्राहकाला देता येणार नाही, एवढी एक अट घातली तर वढूतल्या आजीला काहीच शिकावं लागणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. घरात जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा फिरतोय. तो बदलून तीस वॅटचा बीएलडीसी पंखा घेतला आणि रोज दहा तास वापरला तर महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. एका पंख्यात सगळ्या घराच्या तिष्ठत्या विजेची भरपाई. मग या खुर्द गोष्टीचा एवढा खल कशाला? आक्षेप खरा आहे, आणि ज्याच्याकडे अडीच-तीन हजार रुपये आहेत त्याने आधी पंखाच बदलावा. पण पंख्याच्या जास्तीच्या विजेतूनही वारा तरी मिळत होता. तिष्ठत्या विजेतून मिळतं ते फक्त मिनिटभराचं न थांबणं. चोवीस तास ती वीज जळते, आणि त्यात संध्याकाळचे ते तासही येतात जेव्हा राज्याला वीज सर्वांत महाग पडते. आता स्मार्ट मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर दरात सवलत मिळू लागली आहे, म्हणजे विजेला वेळेची किंमत आली आहे. ज्या वस्तूला वेळेची किंमत आहे ती रात्रभर तिष्ठत ठेवणं दिवसेंदिवस महागच होत जाणार.

मघाशी खोक्यांवरच्या सक्तीचा विषय निघाला, तशी एक गोष्ट गावाच्या पातळीवर आजच करता येईल. ग्रामपंचायतीचं कार्यालय, शाळेची संगणक खोली, सोसायटीचं ऑफिस, पतसंस्था ही ठिकाणं संध्याकाळी सहाला बंद होतात आणि सकाळी दहाला उघडतात. मधले सोळा तास संगणक, प्रिंटर, वायफाय, पाण्याचा कूलर तिष्ठतात. तिथे शहाण्या पट्टीचं किंवा साध्या टायमरचं काम खरोखर आहे, कारण तिथे बटण कुणा एकाचं नसतं आणि कुणा एकाचं नसलेलं बटण कुणीच दाबत नाही. ग्रामसभेत हा ठराव पाच मिनिटांत होतो. अक्षय प्रकाशच्या वेळी जे गाव एकजुटीने मोटरी बंद ठेवू शकलं त्याला हे जड नाही.

बाकी घरापुरतं सांगायचं तर पट्टी घ्यायची की बोर्ड, हे दुकानात ठरवू नका. आज रात्री दिवे मालवल्यावर पोराला मीटरपुढे उभं करा, दोन लुकलुकींमधले सेकंद मोजू द्या आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागू द्या. जो आकडा येईल तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. उद्या टीव्हीमागचं बटण हाताशी आणा आणि रात्री पुन्हा मोजा.